वडीलधाऱ्यांची साक्ष

ज्या समाजाच्या हाती लेखणी नव्हती, त्याचा इतिहास दुसऱ्यांनी आपल्या सोयीने लिहिला. हा अनुभव आपल्याला नवा नाही. कॅनडाच्या उत्तरेकडील मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या देने लोकांच्या वाट्यालाही तेच आले. शिकार आणि मासेमारीवर जगणारा हा समाज. त्यांचा इतिहास, कायदा, श्रद्धा सारे तोंडी. आजोबांनी सांगायचे, नातवंडांनी ध्यानात ठेवायचे.

१९२० साली तेथे नॉर्मन वेल्सला खनिज तेल लागले. पुढच्याच वर्षी सरकारी अधिकारी करार क्रमांक ११ घेऊन आले. देने लोकांनी जमिनीवरचा हक्क सोडला, असे त्या इंग्रजी कागदात लिहिले होते. वडीलधारी मंडळी मात्र घरात निराळेच सांगत राहिली : आम्ही जमीन दिली नाही, मैत्रीचा शब्द दिला.

१९७३ साली सोळा देने प्रमुख न्यायालयात गेले. न्यायमूर्ती विल्यम मॉरो यांनी गावोगावी जाऊन, करार डोळ्यांनी पाहिलेल्या वृद्धांच्या साक्षी नोंदवल्या. या लोकांनी जमीन खरोखर सोडली होती काय, याविषयीच शंका आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. वरच्या न्यायालयांत हा दावा तांत्रिक मुद्द्यावर टिकला नाही. पण म्हाताऱ्यांचा शब्द एकदा दप्तरी नोंदला गेला, तो कायमचा.

पुढे नैसर्गिक वायूची नळवाहिनी टाकण्याचा घाट घातला गेला. न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांनी ३५ वस्त्यांत जाऊन सुमारे एक हजार लोकांचे म्हणणे ऐकले. लोक आपापल्या भाषेत बोलले. आधी जमिनीचे हक्क ठरवा, तोवर दहा वर्षे थांबा, अशी शिफारस त्यांनी १९७७ साली केली.

हे सारे टिपून ठेवण्याची घाई का? तर देने मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातले गेले. तेथे मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई. सांगणारे होते, पण समजणारे कमी होत चालले. २००८ साली कॅनडा सरकारने या शाळांबद्दल संसदेत माफी मागितली. त्याच्या कितीतरी आधी जॉर्ज ब्लॉन्डिन हे देने गृहस्थ कामाला लागले होते. शिकार केलेल्या, खाणीत राबलेल्या या माणसाने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या कथा लिहून १९९० साली पुस्तकरूपाने आणल्या.

त्या कथांत यामोरिया नावाचा थोर पुरुष आहे. त्याने माणसांना छळणारे राक्षसी बीव्हर मारले आणि त्यांची कातडी टुलिटा गावाजवळच्या बेअर रॉक या डोंगरावर ताणली, असे सांगतात. चमत्कार आपण मानत नाही. पण यामोरियाने दिलेले नियम पाहा : मिळालेले वाटून खा, एकमेकांना मदत करा, शिकवण मुलांना द्या. बुद्धीला पटतील असेच आहेत.

१९२१ च्या करारावेळी मोंफ्वी या प्रमुखाने आपल्या मुलखाच्या सीमा ठिकाणांची नावे घेऊन सांगितल्या होत्या. देने लोकांपैकी ट्लिचो समाजाने त्या तोंडपाठ जपल्या. २००३ साली सरकारशी नवा करार झाला, तेव्हा त्या सीमा त्यात नोंदवल्या गेल्या आणि सुमारे ३९,००० चौरस किलोमीटर जमीन ट्लिचोंच्या मालकीची झाली.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरातही एखादी आजी असेल. तिने पाहिलेले, सोसलेले सारे तिच्या ओठांवर आहे. आज संध्याकाळी वही घेऊन तिच्याजवळ बसा.