वैशाखातील नगरदर्शन

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात बोरी अरब नावाचे गाव आहे. वऱ्हाडातील इतर गावांप्रमाणे येथेही वैशाख लागला की दिवसाची घडी पार बदलून जाते. शेतातील व घराबाहेरची कामे सूर्य वर येण्यापूर्वीच उरकली जातात. अकराच्या सुमारास रस्ते ओस पडू लागतात, दारेखिडक्या लोटल्या जातात आणि ज्याला बाहेर पडणे भागच आहे तो डोक्याला व कानांना दुपट्टा गुंडाळल्यावाचून उंबरठा ओलांडीत नाही. माठातले पाणी, कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील, ताक यांना याच दिवसांत खरी चव येते. उन्हे उतरली की गाव पुन्हा जागे होते. ही रीत कोणी पुस्तकातून शिकलेले नसते. आजीकडून नातवाकडे ती आपोआप येते. पारा चाळीस अंशांवर गेला तर या गावी कोणाला त्याचे नवल वाटत नाही. मे महिन्यात तो चाळिसाच्या खाली राहिला तरच लोक आकाशाकडे पाहतात.

याच चाळीस अंशांनी २००३ साली युरोपात मोठा आकांत केला. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्स देशावर उष्णतेची लाट आली. राजधानी पॅरिस येथे पारा ३९ अंशांच्या वर गेला व उकाडा कित्येक दिवस ओसरला नाही. पॅरिस म्हणजे जगभरच्या प्रवाशांचे आवडते शहर. सीन नदीवरील पूल, नोत्र दामचे प्राचीन प्रार्थनामंदिर, लूव्रचे संग्रहालय हे सर्व पाहण्यासाठी त्याही वेळी तेथे प्रवाशांची गर्दी होती. परंतु त्याच रस्त्यांवरील उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर, बंद दारांआड, म्हातारी माणसे एकेकटी मरत होती. ऑगस्टच्या पहिल्या तीन आठवड्यांत फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे १५,००० माणसे अधिक मृत्यू पावली. त्यांपैकी बहुतेक वृद्ध होती, आणि पुष्कळांच्या घरची मंडळी सुटीनिमित्त बाहेरगावी गेलेली होती.

बोरी अरबला जे नित्याचे, ते पॅरिसला प्राणघातक का ठरले? याचे उत्तर केवळ उष्णतामापकात शोधून सापडणार नाही. ते माणसाच्या शरीरात, त्याच्या घरात आणि त्याच्या सवयीत आहे.

मनुष्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते व ते तेवढेच राहावे यासाठी शरीर सतत धडपडत असते. बाहेरची हवा शरीराहून थंड असेल तर अंगातील उष्णता सहज बाहेर जाते. हवाच शरीराहून अधिक तापली म्हणजे मात्र घाम हा एकच मोठा उपाय उरतो. घामाची वाफ होताना ती अंगातील उष्णता घेऊन जाते. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर त्यासोबत किती उष्णता जाते? बर्फाइतके गार असलेले साडेपाच लिटरांहून अधिक पाणी उकळीपर्यंत आणता येईल इतकी! माठातील पाणी गार होते ते याच न्यायाने. माठाला पाझर फुटतो, तसा आपल्या त्वचेला घाम फुटतो. परंतु माठ रिकामा झाला तर गारवा कोठून येणार? त्याचप्रमाणे शरीरातील पाणी व मीठ संपत आले की घाम आटतो, अंगाचा ताप चाळीस अंशांच्या वर जातो, माणूस बरळू लागतो व बेशुद्ध पडतो. यालाच उष्माघात म्हणतात. अशा माणसाला तत्काळ सावलीत नेऊन, अंगावर पाणी घालून, वारा घालून थंड केले पाहिजे व वैद्यकीय मदत बोलाविली पाहिजे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते.

शरीराला उन्हाची सवय एकाएकी होत नाही. एक-दोन आठवडे रोज थोडे थोडे ऊन सोसल्यावर घाम लवकर सुटू लागतो व त्यातून मीठ कमी जाते. वऱ्हाडातील माणसाला फाल्गुनापासून ही तयारी करावयास मिळते. पॅरिसच्या माणसाला ती मिळाली नाही. वृद्धांना तर तहानही कमी लागते व घामही कमी येतो. शिवाय पॅरिसची घरे थंडीसाठी बांधलेली! कित्येक जुन्या इमारतींचे छप्पर जस्ताच्या पत्र्याचे असून त्याला लागूनच लहान खोल्या असतात. दिवसभर तापलेला पत्रा रात्रीही त्या खोल्या निवू देईना. रात्री शरीराला विसावा मिळाला नाही, आणि घात झाला तो त्यामुळेच. याउलट वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंतीतून उष्णता आत पोहोचेपर्यंत दिवस मावळतो, आणि त्या वेळी माणसे अंगणात किंवा धाब्यावर निजावयास गेलेली असतात. सवय आहे म्हणून वऱ्हाडात ऊन कोणाला बाधत नाही असे मात्र नव्हे. येथेही दर उन्हाळ्यात माणसे दगावतात, आणि धाब्याच्या जागी टिनाचे छप्पर आले की बोरी अरबच्या घराचीही पॅरिसमधील ती खोली होते.

पॅरिसने त्या वर्षानंतर पुष्कळ सुधारणा केल्या. २५ जुलै २०१९ रोजी तेथे ४२.६ अंश तापमान झाले, म्हणजे २००३ पेक्षाही अधिक. तरी तेवढा अनर्थ झाला नाही. आधी सूचना देणे, एकट्या वृद्धांची विचारपूस करणे, थंड जागा मोकळ्या ठेवणे हे उपाय कामी आले.

दक्षिण युरोपातील नगरे याबाबतीत अधिक जाणती होत. स्पेनमधील सेव्हिल शहराच्या जुन्या भागात गल्ल्या मुद्दाम अरुंद आहेत व उन्हाळ्यात काही रस्त्यांवर एका घरापासून समोरच्या घरापर्यंत कापडी छते ताणतात. दुपारी शहर झोपते व रात्री उशिरापर्यंत जागते. वादळांना नावे देतात, तसे या शहराने २०२२ च्या जुलैमध्ये उष्णतेच्या लाटेलाच नाव दिले. तिचे नाव ‘झोई’! रोम शहरात दोन हजारांहून अधिक लहान सार्वजनिक नळ असून त्यांतून रात्रंदिवस गार पाणी वाहत असते, आणि तेथील सुप्रसिद्ध त्रेवी कारंज्याला पाणी पुरविणारा कालवा मुळात इसवी सनापूर्वी १९ व्या वर्षी बांधलेला आहे. परंतु या जाणत्या नगरांनाही आता ऊन जड जाऊ लागले आहे. सिसिली बेटावरील सिराक्यूस हे आर्किमिडीजचे गाव. त्याच्या परिसरात ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश तापमान नोंदले गेले. २०२३ च्या जुलैमध्ये अथेन्सची अक्रॉपोलिस टेकडी ऐन दुपारी प्रवाशांना बंद ठेवावी लागली.

शाळांच्या सुट्या उन्हाळ्यात येतात, म्हणून प्रवासही उन्हाळ्यातच घडतो. हे जसे युरोपात, तसेच महाराष्ट्रातही. बोरी अरबच्या मुलांनी मे महिन्याच्या सुटीत एखादे ऐतिहासिक नगर पाहावयाचे ठरविले, तर त्यांना अथेन्सला जाण्याचे कारण नाही. यवतमाळ व वणी या मार्गाने चंद्रपूर गाठता येते. उन्हाच्या बाबतीत हे शहर सिराक्यूसला हार जाणारे नाही. येथील पारा अनेक उन्हाळ्यांत ४७ अंशांच्या वर गेलेला आहे. समुद्र फार दूर, आकाश निरभ्र, आणि वायव्येकडून येणारे कोरडे तप्त वारे! या तिहींच्या योगाने पूर्व विदर्भाची भूमी वैशाख-ज्येष्ठात भट्टीसारखी तापते.

चंद्रपूरचे जुने नाव चांदा. ही गोंड राजांची राजधानी. तिची स्थापना पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशाह या राजाने केली असे मानतात. त्या स्थापनेची जी आख्यायिका सांगतात, तिचा आरंभच तहानेपासून होतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. राजाची राजधानी तेव्हा बल्लारपूर येथे होती व त्याचे अंग गाठींनी भरलेले होते. एकदा शिकारीत तो तहानेने व्याकूळ झाला आणि झरपट नदीच्या कोरड्या पात्रात पाणी शोधू लागला. तेथे एका खळग्यात थोडे पाणी पाझरत होते. ते तो प्याला व त्याने हातपाय धुतले. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली आणि सकाळी अंगावरील गाठी नाहीशा होऊ लागल्या. पुढे त्याच परिसरात राजाला एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. राणीने तो शुभशकुन मानला, आणि ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेने परकोट बांधावा असे सुचविले. कथा खरी मानावी की न मानावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु ज्या मुलखात नदीचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते, तेथे नगर वसते ते पाण्याच्या पाझराजवळ, एवढे सत्य त्या कथेत निश्चित आहे.

हा परकोट सुमारे ११ किलोमीटर लांबीचा असून तो पुढील राजांच्या काळात पुरा झाला. त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. एका खिडकीचे नाव तर ‘चोर खिडकी’! दरवाजांवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाची आकृती कोरलेली आहे. ते गोंड राजांचे चिन्ह होय. कित्येक वर्षे या तटावर झाडेझुडपे माजली होती. २०१७ पासून शहरातील स्वयंसेवकांनी ती काढून तट व बुरूज मोकळे केले, म्हणून आता त्यावरून चालता येते.

तटावर मात्र पहाटेच जावे. सकाळी सहा वाजता तेथील दगड गार असतो व तिरप्या किरणांत सिंहाच्या आकृतीची प्रत्येक रेषा उठून दिसते. अकरा वाजता तोच दगड हात लावू देत नाही, आणि सूर्य डोक्यावर आल्याने कोरीव काम सपाट भासते. म्हणजे जी वेळ शरीराला सुखाची, तीच डोळ्यांनाही लाभाची! भिवापूर-लालपेठ भागात एका अपुऱ्या राहिलेल्या देवालयासाठी घडविलेल्या प्रचंड पाषाणमूर्ती उघड्यावर पडून आहेत. त्यांत दहा मुखांची दुर्गा आहे. त्याही सकाळीच पाहून घ्याव्यात.

ऊन चढू लागले की झरपटकाठच्या अंचलेश्वर मंदिराकडे वळावे. त्याच्या शेजारी गोंड राजांच्या समाधी आहेत. त्यांतील सर्वांत भव्य समाधी राजा बीरशाहची. ती त्याची राणी हिराई हिने बांधविली. पतीच्या मृत्यूनंतर अठराव्या शतकाच्या आरंभी अल्पवयीन रामशाहच्या नावे हिराईने राज्य चालविले व महाकालीचे मंदिरही उभारले. त्या मंदिरी चैत्र पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून हजारो यात्रेकरू ऐन उन्हात येतात. चंद्रपूरचे सर्वांत जुने उन्हाळी प्रवासी तेच.

बारा ते चार या वेळात काहीही पाहू नये. या प्रहरी चंद्रपूरचे लोकही घरात असतात. दारी-खिडकीत वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडले की कोरडा वारा ओलाव्यातून येताना गार होतो, आणि वाळ्याचा सुगंध घरभर पसरतो. खोलीत ओल फार कोंडली मात्र घाम वाळत नाही, म्हणून कूलर चालू असता समोरची खिडकी उघडी ठेवतात. इतिहासाला ही विश्रांती मिळत नाही. इंग्रजांच्या फौजेने या नगराला वेढा घातला तो १८१८ च्या मे महिन्यातच. तोफांच्या माऱ्याने तटाला खिंडार पडले आणि २० मे रोजी नगर पडले. किल्लेदार गंगासिंग लढता लढता कामास आला. त्या दिवसांत तापलेल्या तटावर उभ्या असलेल्या शिपायांच्या तहानेची कल्पना करावयास इतिहासाच्या पुस्तकाची गरज नाही. दुपारी दोन वाजता जटपुरा दरवाजात क्षणभर उभे राहिले तरी पुरे होते.

उन्हे कलल्यावर रामाला तलावाकडे जावे. हा तलाव राजा रामशाहच्या नावाने ओळखला जातो. पाण्यावरून येणारा वारा थोडा तरी निवलेला असतो, आणि तटाबाहेर मावळतीचा रंग पसरू लागतो. परतताना पुन्हा जटपुरा दरवाजा लागतो. रात्रीचे आठ वाजलेले असतात, दिवे लागलेले असतात, भाजीबाजारात गर्दी असते, आणि दरवाजाच्या दगडावर हात ठेवला तर दिवसभराची उष्णता तळव्याला अजून जाणवते.