घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे : स्लीप ॲप्निया आणि त्यावरील उपचार

एका कल्पित उदाहरणापासून सुरुवात करू. वाराणसीच्या दूधविनायक भागातील एका मराठी घरात काका रात्री मोठ्याने घोरतात. मध्येच आवाज थांबतो. काही सेकंद शांतता असते, मग गुदमरल्यासारखा श्वास घेऊन ते पुन्हा घोरू लागतात. घरचे म्हणतात, "काकांना काय गाढ झोप लागते!" प्रत्यक्षात त्या शांततेत काकांचा श्वास बंद असतो, आणि सकाळी त्यांना यातले काहीच आठवत नाही.

असे का होते?
जागेपणी घशाचे स्नायू श्वासमार्ग उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. मार्ग अरुंद झाला की आतील ऊती थरथरतात, हेच घोरणे. मार्ग पूर्ण मिटला की श्वास अडतो. रक्तातील ऑक्सिजन घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि मार्ग उघडतो. रात्रभर असे घडत राहिल्याने दिवसा पेंग येते, सकाळी डोके दुखते, लक्ष लागत नाही. उच्च रक्तदाब, हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो. वाहन चालवताना लागलेली डुलकी तर जीवावर बेतू शकते.

हा विकार दुर्मीळ नाही. मुंबईत डॉ. झरीर उडवाडिया व सहकाऱ्यांनी केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यमवयीन शहरी पुरुषांत दिवसाच्या पेंगेसह हा विकार असण्याचे प्रमाण सुमारे ७.५ टक्के आढळले. तो स्त्रियांना, मुलांना आणि सडपातळ व्यक्तींनाही होतो.

निदान
झोपेच्या तपासणीत श्वास किमान १० सेकंद थांबण्याच्या किंवा बराच मंदावण्याच्या घटना मोजतात. प्रौढांमध्ये ताशी ५ ते १५ घटना म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० हून अधिक तीव्र विकार.

उपचार
१. वजन घटवणे, कुशीवर झोपणे; मद्य आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या झोपेच्या गोळ्या टाळणे.
२. सीपॅप यंत्र : मुखवट्यातून दाबाने येणारी हवा श्वासमार्ग मिटू देत नाही. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात हा उपचार मांडला. मध्यम व तीव्र विकारात तो प्रमुख उपचार आहे. मात्र यंत्र रोज वापरले तरच उपयोग होतो.
३. खालचा जबडा पुढे धरणारे दातांचे साधन : सौम्य व मध्यम विकारात, किंवा सीपॅप सोसत नसल्यास.
४. शस्त्रक्रिया : निवडक रुग्णांत. मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल व ॲडेनॉइड काढल्याने बहुधा आराम पडतो.

लक्षात ठेवा
या विकाराचा साक्षीदार रुग्ण नसतो, शेजारी झोपणारा असतो. घरात कोणाचा श्वास झोपेत अडताना दिसला तर थट्टा करू नका. ते त्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा.

स्वाध्याय : काकांच्या तपासणीत ७ तासांच्या झोपेत १४० घटना नोंदल्या गेल्या. त्यांचा विकार कोणत्या श्रेणीत येतो? कोणता उपचार प्रथम विचारात घ्याल, आणि का?