व्हिसाची मुदत आणि नागरिकत्वाचा प्रश्न

नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीस ७ वर्षांच्या निवासानंतर नोंदणीद्वारे नागरिकत्व मागता येते. तथापि २००३ च्या दुरुस्तीने व्हिसाची मुदत उलटूनही राहणाऱ्यास ‘अवैध स्थलांतरित’ ठरवून हा मार्ग बंद केला. ब्रिटनमध्ये २०१२ पर्यंत १४ वर्षांच्या अवैध वास्तव्यानंतरही स्थायिक होण्याची अनुमती मागता येत असे; भारतीय कायद्यात तशी तरतूद नाही.

समजा, मालवण तालुक्यातील आचऱ्यात नांदणाऱ्या परदेशी सुनेने मुदतवाढ घेतली नाही. गाव तिला आपली मानीत असले तरी नोंदणीस ती अपात्रच ठरते. याहून कठोर, किंबहुना अन्याय्य, परिणाम निरपराध अपत्यावर होतो. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या बालकाची माता जन्मसमयी अवैध स्थलांतरित असल्यास, पिता भारतीय असूनही, त्यास जन्माधारे नागरिकत्व मिळत नाही.