नकाशाच्या पार्श्वभूमी रेषा

वैज्ञानिक आलेखनाच्या संगणक प्रणालीत तापमान, पर्जन्य, भूकंप इत्यादी माहितीसोबत दाखवल्या जाणाऱ्या किनारे, नद्या व राजकीय सीमांच्या रेषांना नकाशाच्या पार्श्वभूमी रेषा म्हणतात. पॉल वेसल व वॉल्टर स्मिथ यांनी विकसित केलेल्या जेनेरिक मॅपिंग टूल्स (जीएमटी) या मुक्त प्रणालीत त्या ‘कोस्ट’ या आज्ञेने काढतात.

रेषांचे नियंत्रण

जीएमटीचा किनारारेषांचा माहितीसंच पूर्ण, उच्च, मध्यम, निम्न व स्थूल अशा पाच प्रतींत उपलब्ध असून प्रत्येक पायरीवर तपशील सुमारे ८० टक्क्यांनी घटतो. जगाच्या नकाशाला स्थूल प्रत पुरते. कोकणातील खाड्यांसाठी मात्र अधिक तपशिलाची प्रत लागते. ‘डी’ पर्यायाने प्रत, ‘डब्ल्यू’ने किनाऱ्याच्या रेषेची जाडी, रंग व शैली, ‘आय’ने नद्या, तर ‘एन’ने सीमा ठरवतात. ‘ए’ पर्यायाने दिलेल्या क्षेत्रफळाहून लहान बेटे व तलाव वगळले जातात. ही मर्यादा मोठी ठेवल्यास लक्षद्वीपसारखी बेटे नकाशातून नाहीशी होतात.

राजकीय सीमा

तयार माहितीसंचातील सीमा प्रत्येक देशाच्या अधिकृत सीमेशी जुळतीलच असे नाही. भारत सरकारच्या २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारताच्या राजकीय नकाशांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे किंवा त्याची अंकीय सीमा-माहिती प्रमाण मानली जाते. त्यामुळे भारताचा नकाशा प्रकाशित करताना ‘एन’ पर्याय न वापरता, या विभागाची सीमारेषा ‘प्लॉट’ आज्ञेने स्वतंत्रपणे काढणे योग्य ठरते.