उन्हाळी लागली तर काय करावे?



काही दुखणी चारचौघांत बोलायची नाहीत, असे आपण मानतो. पण आपण लाजलो म्हणून दुखणे काही लाजत नाही. ते मुकाट्याने अंगात वाढते. म्हणून आज लघवीच्या जळजळीविषयी सरळ बोलू. आपल्याकडे हिला ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात.

माझ्या शाळेतली गोष्ट सांगतो. सातवीतली एक हुशार मुलगी चार दिवस आली नाही. मी तिच्या घरी गेलो. पोर तापाने फणफणली होती. अंगात हुडहुडी भरली होती. पाठीत कळा येत होत्या. तिची आई म्हणाली, “गुरुजी, उन्हाळी लागली होती तिला. धन्याचं पाणी दिलं. उष्णता हाय, जाईल म्हटलं.”

पोरीला दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, “जंतू वर मूत्रपिंडापर्यंत गेलेत. आधीच आणायला हवं होतं.” औषधाने मुलगी बरी झाली. पण मग खरे कारण कळले. शाळेतल्या मुलींच्या मुतारीला आतून कडी नव्हती. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नसत. लघवी संध्याकाळपर्यंत धरून ठेवत. मी रोज त्या दारावरून जात होतो. पण ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. दुसऱ्या दिवशी कडी बसवली. दहा मिनिटांचे काम होते!

हे दुखणे कसे होते?

पाठीत, कण्याच्या दोन्ही अंगांना, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी दोन मूत्रपिंडे असतात. त्यांनाच किडनी म्हणतात. ती रक्त गाळतात. त्यातून लघवी तयार होते. ती दोन नळ्यांतून ओटीपोटातल्या पिशवीत उतरते. ही पिशवी म्हणजे मूत्राशय.

आपल्या आतड्यांत पुष्कळ जंतू असतात. तिथे ते सहसा त्रास देत नाहीत. पण शौचाच्या जागेकडून ते लघवीच्या वाटेत शिरले, की वर चढतात. पिशवीत वाढतात. मग पिशवीला आतून सूज येते. बाईची ही वाट सुमारे ४ सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीएवढीच असते. पुरुषाची २० सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणून हे दुखणे बायकांना जास्त होते. यात त्यांचा काही दोष नाही.

वाहत्या पाटात घाण टिकत नाही. साचलेल्या डबक्यात किडे होतात. लघवीचेही तसेच आहे.

ओळखावे कसे?

लघवी करताना आग होते. घडोघडी लघवीला लागते, पण थेंब-थेंबच होते. एकदम घाई होते, दम धरवत नाही. ओटीपोट दुखते. लघवी गढूळ होते, घाण वास येतो. कधी रक्तही दिसते. म्हाताऱ्या माणसांत आग नसतेही. पण लघवीची ही लक्षणे नवी दिसली आणि माणूस एकाएकी बरळू लागला, तर हे दुखणे असू शकते.

उन्हात घाम फार गेला, पाणी कमी पडले, तरी लघवी गडद होते आणि थोडी जळजळ होते. पुरेसे पाणी प्यायले की ती दिवसभरात थांबते. थांबली नाही, तर ‘उष्णता आहे’ म्हणून बसू नये.

घरी काय करावे?

पहिले औषध पाणी. दिवसभरात दहा-बारा पेले पाणी प्यावे. लघवी वाळल्या काडासारखी फिकट पिवळी दिसली, की पाणी पुरेसे आहे असे समजावे. लघवी आली की लगेच जावे, धरून ठेवू नये.

ताक, धन्याचे पाणी, सातूचे पाणी घ्यायला हरकत नाही. दोन चमचे धने ठेचून पेलाभर पाण्यात रात्री भिजत घालावेत. सकाळी गाळून प्यावे. मूठभर सातू चार पेले पाण्यात उकळून गाळावेत. त्या पाण्यात चिमूटभर मीठ घालावे. बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून ओटीपोट शेकावे. तिखट, कडक चहा आणि दारू बंद ठेवावी.

पण एक गोष्ट पक्की समजा. या उपायांनी आराम पडतो, जंतू मरतीलच असे नाही. कधी दुखणे हलके असते आणि आपोआप बरे होते. कधी होत नाही. म्हणून दोन दिवसांपलीकडे वाट पाहू नये. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाणी वाढवावे.

दवाखान्यात लगेच कोणी जावे?

ताप, हुडहुडी, पाठीत कळ, उलटी किंवा लघवीत रक्त असेल, तर त्याच दिवशी जावे. लघवी अजिबात होत नसेल तरी जावे. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही आणि पुरुष यांनी घरगुती उपायांवर थांबू नये. गरोदरपणी हे दुखणे आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचे असते.

तिथे लघवी तपासतात आणि गोळ्या देतात. बरे वाटले तरी सांगितले तितके दिवस गोळ्या घ्याव्यात. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत.

पुन्हा होऊ नये म्हणून

शौचानंतर पुढून मागे धुवावे, मागून पुढे नको. पाळीतले कापड वेळेवर बदलावे. धुतल्यावर ते उन्हात वाळवावे. नवरा-बायकोच्या संबंधानंतर बाईने लघवी करून यावे.

पाण्याचा गुण नुसता ऐकीव नाही. बल्गेरिया देशात हे दुखणे वारंवार होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायकांचा अभ्यास झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या बायकांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायले. वर्षभरात त्यांचे दुखणे इतर बायकांपेक्षा जवळजवळ निम्म्यावर आले.

आता घरच्या कर्त्यांना एक विचारतो. शेतावर राबणारी तुमची सून, लेक, बायको दिवसभर पाणी पिते का? की आडोसा नाही म्हणून तहान मारते? चार बांबू आणि गोणपाट लावले तरी आडोसा होतो. तेवढे या आठवड्यात करा.

लक्षात ठेवा

पाणी भरपूर प्या. लघवी धरून ठेवू नका. आग दोन दिवसांत थांबली नाही, तर दवाखाना गाठा. ताप आला, तर दोन दिवसही थांबू नका.