धारकोन
धारकोन : कापण्याच्या हत्याराच्या पात्याची दोन पृष्ठे कडेपाशी परस्परांना ज्या कोनात मिळतात, त्यास धारकोन म्हणतात. दोन्ही बाजूंनी सारखा उतार असलेले पाते निसण्यावर घासताना निसण्याशी जो कोन करते, तो याच्या निम्मा असतो. पटाशी किंवा जपानी यानागिबा सुरी यांना एकाच बाजूने उतार असल्याने तेथे हा भेद उरत नाही. ‘२०° ची धार’ असे म्हटले असता कोणता कोन अभिप्रेत आहे हे पुष्कळदा सांगितलेले नसते व त्यामुळे चांगली पाती बिघडतात.

धार ही एक पाचर आहे. कोन लहान असेल तितका पदार्थ दुभंगण्यास लागणारा जोर कमी. परंतु कडेमागे आधार देणारी धातूही कमी होते. मऊ पोलादाची अशी कड मुडपते, तर अतिकठीण पोलादाची तुकडे पडून दातेरी होते. सारे प्रश्न या दोहोंतील तडजोडीचे आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर दाढीच्या पात्याहून सु. ५० पट मऊ असलेला केसही, तो वाकून कडेशी तिरपा आल्यास व तेथील पोलाद एकजिनसी नसल्यास, पात्याचा कपचा उडवू शकतो असे आढळले.

साध्या वस्तऱ्याचा धारकोन सु. १५° ते १८° असतो. त्याची पाठ व कड एकाच वेळी दगडास टेकत असल्याने तो घडणीतच ठरलेला असतो. स्वयंपाकघरातील कठीण, पातळ जपानी सुरीस प्रत्येक बाजूस सु. १५° व मध्यम कठिनतेच्या यूरोपीय घडणीच्या सुरीस सु. २०° योग्य होत. हाडे किंवा लाकूड तोडणाऱ्या कोयत्यास व कुऱ्हाडीस २५° वा त्याहून अधिक कोन ठेवतात, कारण तेथे आघात सोसावयाचा असतो. हे आकडे केवळ आरंभापुरते घ्यावेत. वापरात कड मुडपली वा तुटली तर कोन दोन-तीन अंशांनी वाढवावा, कड शाबूत राहूनही कापणे जड जात असल्यास तितकाच कमी करावा. तथापि कडेमागील पाते जाड झाले असेल, तर कोन कमी करून फारसा लाभ होत नाही. पाते वरच्या भागातच पातळ करावे लागते.

कोन मोजण्यास उपकरणाची गरज नाही. ४५ मिमी. रुंद पात्याची पाठ दगडापासून सु. १२ मिमी. उचलल्यास १५° व सु. १५ मिमी. उचलल्यास २०° कोन होतो. उतारावर शाई लावून एकदा घासल्यास ती कोठे पुसली गेली यावरून चूक कळते : केवळ वरच्या भागातील शाई गेली तर कोन लहान, केवळ कडेवरील गेली तर मोठा. घासताना कोन डळमळला, तर उतार गोलाई धरतो व कड बोथटच राहते. एका बाजूच्या संपूर्ण लांबीवर, विरुद्ध अंगास बोटाला जाणवेल अशी बारीक खरखरीत कड उमटली म्हणजे ती बाजू पुरी झाली. ही कड पुढे हलक्या हाताने काढून टाकावी लागते.

फिरत्या चाकावर काम झटपट होते, परंतु कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात तापते. ती निळी पडली म्हणजे साध्या कार्बनी पोलादाचे तापमान सु. ३००° से. पर्यंत गेले व त्याचे पाणी उतरले असे समजावे. अशा कडेस कोणताही कोन दिला तरी धार टिकत नाही. निळा भाग घासून काढणे एवढाच उपाय राहतो.