कोसा साडीचा खरा रंग फोटोत आणायचाय?

आंधळगावचा कोसा बघितलाय ना? त्याचा तो मधाळ सोनेरी रंग फोटोत कधी पिवळाजर्द, तर कधी निळसर उतरतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "फोटोत वेगळी दिसत होती!" दोष कापडाचा नाही, उजेडाचा.

यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय म्हणजे 'डार्कटेबल' हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर. अगदी मोफत. साडीच्या घडीशेजारी साधा करडा कागद ठेवून फोटो काढा. मग व्हाइट बॅलन्सचा पिकर त्या कागदावर ओढा. रंग ताळ्यावर येतो. त्याच उजेडातल्या बाकी फोटोंना तीच सेटिंग पेस्ट करा. रॉ फोटो असेल तर उत्तमच. मूळ फाइलला धक्का लागत नाही, बदल शेजारच्या छोट्या फाइलमध्ये राहतात.

फोटो लावून ठेवायला 'डिजिकॅम' हे सॉफ्टवेअर. फोटो सांभाळायचं गूगलचं पिकासा 2016 मध्ये बंद झालं, गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण जून 2021 पासून संपली. डिजिकॅम मात्र 2001 पासून चालू आहे आणि इंटरनेटशिवायही चालतं. 'करवतकाठी', 'साधा काठ', 'विकली' असे टॅग द्या. सेटिंगमध्ये मेटाडेटा फाइलमध्येच लिहिण्याचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेला तरी टॅग सोबत जातात.